थांब, रस्ता पेटलाय

खारींना वायरीत काय गोड लागतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्याची वायर त्यांनी या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा कुरतडली आणि दुरुस्ती करणारी ती एकटीच, म्हणून पुन्हा तिलाच जावं लागलं. खालच्या जंगलात संशोधकांची ठाणी विखुरलेली होती. त्यांची वाऱ्याची, उष्णतेची मोजमापं आणि वणव्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रं याच मनोऱ्यावरून बिनतारी लहरींनी खालच्या नियंत्रण कक्षात जायची. काम तसं थोडक्यात आटपण्यासारखं होतं. पण घरी तिची चिमणी, नऊ वर्षांची पोर, तापाने फणफणून एकटी पडली होती. अंधाराच्या आत येते, असं सांगून ती निघाली होती आणि जीव सगळा तिथेच अडकला होता.

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक दगडी खोली होती. फाटकाच्या आत, खोलीसमोरच तिने गाडी लावली. खोलीला एक दार, एक खिडकी, आत यंत्रांची कपाटं आणि भिंतीवर कक्षाशी बोलायचा संच. वर चढण्याआधी मनोऱ्याची नि खोलीची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, हा या कामातला नियम. माणूस वर लटकलेला असताना कुणी चुकून वीज सोडली तर त्याचा कोळसा व्हायचा. तिने तसंच केलं, आणि चढली.

नवी वायर जोडून उतरताना तिला दरीतून वर येणारा धूर दिसला. डोंगरावरून खाली जायला रस्ता एकच होता. हत्यारं टाकून ती बॅग उचलायला खोलीत धावली, तेवढ्यात भिंतीवरचा संच खरखरला.

"पोरी, थांब. रस्ता पेटलाय."

नियंत्रण कक्षात बसणाऱ्या काकांचा आवाज तिने लगेच ओळखला.

"कुठपर्यंत आलाय, काका?"

"वळणापर्यंत. दार लावून घे."

एरवी काका गुडघ्यांचं रडगाणं गायल्याशिवाय दोन वाक्यं बोलत नसत. आज ना रडगाणं, ना थट्टा. म्हातारा घाबरलाय, असं तिला वाटलं आणि त्यानेच तिचा धीर सुटला. तिने दार लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं आणि जमिनीवर बसून राहिली. हळूहळू जळक्या पानांचा वास आत येऊ लागला. भिंती तापल्या होत्या की तिलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

मध्येच बाहेर गाडी सुरू झाल्यासारखी वाटली.

"काका… कुणी आलंय का?"

"वारा आहे."

"चिमणीला फोन करा ना. आईला उशीर होईल म्हणावं."

"होणार नाही… तू बस."

हे ऐकून तिला जरा बरं वाटलं. माणूस घाबरला की कशानेही त्याला बरं वाटतं.

धुराने खिडकी काळवंडली आणि खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. तिने चाचपडत दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग तिला आठवलं. घाईत मुख्य स्विच सुरू करायचा राहिलाच होता. हात स्विचवर गेला तर तिचं कुलूप तसंच लटकत होतं. खोलीत वीज नव्हती. म्हणजे संचातही नव्हती… मघापासून नव्हती.

"दिवा नको लावूस," संच म्हणाला.

तिने खिशातून किल्ली काढली, चाचपडत कुलूप उघडलं आणि स्विच वर ओढला. दिवा लागला. कपाटं घुमू लागली. संचातून काकांचा मोठा, मोकळा आवाज आला.

"आला बुवा एकदाचा मनोरा! पोरगी काम चोख करून गेली हं."

"काका, मी गेले नाही. वरच आहे."

"कोण बोलतंय?"

"मीच. तुम्हीच म्हणालात, थांब, रस्ता पेटलाय…"

"मी? अहो, मनोरा बंद होता, मी बोलणार कसा? आणि ती कधीच उतरली. समोरच्या टेकडीवरचा कॅमेरा या मनोऱ्यावर चालत नाही, त्यात मी स्वतः पाहिलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, तिने हात केला. तोवर रस्ता मोकळा होता. आग रस्त्यावर तर त्यानंतर आली. आता वर कुणी असेल तर…"

ती खिडकीशी गेली. बाहेरचा धूर वाऱ्याने जरा विरला होता. तिच्या गाडीच्या जागी मोकळी जमीन होती आणि तिच्यापलीकडे रस्ताभर जाळ. गाडीची किल्ली तिच्या दुसऱ्या खिशात होती.

"काका, देवाशप्पथ मीच आहे. सकाळी गुडघ्यांना तेल चोळा म्हणून तुमच्यावर कोण ओरडलं?"

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तू पोचलीस का बघायला मी आत्ताच चिमणीला फोन केला होता. म्हणाली, आई आलीय. काही बोलत नाही म्हणे… नुसती घरातली एकेक खिडकी लावून घेतेय."