रिकाम्या जागेचा दाखला

जपानात गाडीच्या आधी ती लावायची जागा. पोलीस खात्याचा माणूस येतो, जागा टेपने मोजतो, ती रिकामी असल्याची खात्री करतो आणि मग दाखला देतो. त्याशिवाय गाडी नावावर होत नाही. ही व्यवस्था मला नेहमीच वाजवी वाटत आली आहे.

मी मायेबाशीत आणि आसपासच्या तीन विद्यापीठांत मध्ययुगीन जमिनींच्या सनदा शिकवतो. तिन्ही विद्यापीठे मला मार्चमध्ये काढून टाकतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा शोधून काढतात. ज्या प्राध्यापकांच्या तळटिपा मी दुरुस्त करतो, त्यांनी अकरा वर्षांत चार-चार गाड्या बदलल्या. मी त्याच अकरा वर्षांत एकच कोट घातला, रविवारी शिकवण्या केल्या, आणि गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या मुराकीच्या दुकानातल्या गडद हिरव्या, दोन आसनी, बुटक्या स्पोर्ट्स कारपाशी पोहोचलो. गाडी सतरा वर्षांची होती. मुराकी म्हणाला, पंचवीस तारखेपर्यंत दाखला आणा. नंतर ताकासाकीचा एक दंतवैद्य टपून बसलाय.

"दोनच आसनं. म्हणजे भाजी माझ्या मांडीवर," माझी बायको मिहोको म्हणाली. थोड्या वेळाने, कपडे घड्या घालता घालता: "अकरा वर्षं तू असल्या गाडीबद्दल बोलतोयस. माझ्याबद्दल शेवटचं कधी बोललास?"

मी पेन शोधायला उठलो. अर्ज भरायचा होता.

जागा घरापासून तीन मिनिटांवर, बंद पडलेल्या तोफूच्या दुकानामागे मिळाली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण, खाली खडी. आठवड्याने पोलीस ठाण्यातून फोन आला.

"त्सुकुईसान, अर्ज मंजूर करता येत नाही. जागेत गाडी उभी आहे."

मी जाऊन पाहिले. डोंगरावरून उतरणारा कोरडा वारा खडीवरून धूळ नेत होता. जागा रिकामी होती. जागेच्या मालकीण निशिदाबाई हसल्या. "तिथे कोण लावणार? मांजरसुद्धा बसत नाही तिथे."

दुसरा अर्ज. पुन्हा फोन.

"कसली गाडी?" मी विचारले.

"हिरवी. बुटकी. दोन माणसांची."

मी मुराकीला फोन केला. गाडी त्याच्या काचेआड होती. तिच्यावर हात ठेवूनच बोलतोय, असे तो म्हणाला.

तिसऱ्या पाहणीच्या वेळी मी स्वतः हजर राहायचे ठरवले. तेवीस तारीख, सकाळचे दहा. ठाण्याने पाहणीसाठी ठेवलेले इगाराशी नावाचे निवृत्त हवालदार आले. पांढरे हातमोजे, कमरेला टेप. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि जागेत शिरले. भिंतीच्या कडेने जाताना ते अंग चोरून तिरके झाले, जशी माणसे गाडी आणि भिंत यांच्यामधून जाताना होतात. मागच्या टोकाला त्यांनी टेप धरली.

"बसते. चार बोटं उरतात."

मग ते कमरेत वाकले. त्यांचे ओठ हलले. कोणाचे तरी बोलणे ऐकल्यासारखी त्यांनी मान डोलावली, आणि रिकाम्या हवेला अदबीने नमस्कार करून माझ्याकडे आले.

"आणि आपण?"

"अर्जदार. त्सुकुई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात उद्धटपणा नव्हता. उलट काहीशी कणव होती.

"त्सुकुईसान गाडीत बसलेत. आत्ताच बोललो त्यांच्याशी. मोठे मोकळे गृहस्थ. म्हणाले, अकरा वर्षं थांबलो." त्यांनी कागदावर खूण केली. "खरं तर जागा रिकामी हवी. पण गाडी त्यांचीच दिसते. मी मंजूर करतो."

पंचवीस तारखेला खिडकी उघडताच मी ठाण्यात पोहोचलो. कारकून म्हणाला, दाखला काल सायंकाळी नेला. त्याने वही फिरवून दाखवली. माझ्या नावापुढे, सहीच्या जागी, माझा शिक्का होता; डाव्या कडेचा टवका, विद्यार्थिदशेत शिक्का हातातून पडला तेव्हाचा, तोही होता. माझा शिक्का माझ्या खिशात होता. मी तो काढून शेजारी उमटवला. दोन ठशांत काडीचाही फरक नव्हता. शिक्का ज्याचा, जमीन त्याची, हे मी दरवर्षी शिकवतो.

मुराकीच्या दुकानात काचेआड फक्त टायरांचे डाग होते.

"या, या," मुराकी लगबगीने पुढे आला. "पहिल्यांदाच येताय ना? कसली गाडी बघताय?"

मी घरी आलो. दार मिहोकोने उघडले. वाऱ्याने तिचे केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते. ती आनंदात होती. अकरा वर्षांत तिला मी इतक्या आनंदात पाहिलेले नव्हते.

मी तिचे नाव घेतले. ती किंचित मागे सरली, पण हसू तसेच ठेवले.

"विद्यापीठातून आलात का? हे मला दारात सोडून आत्ताच पेट्रोल भरायला गेलेत. येतीलच. बसा ना."

तिने कपाटातून पाहुण्यांच्या सपाता काढल्या, टोके घराच्या आतल्या दिशेला केली, आणि माझ्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या.