ज्योतीचा मान

उंडीच्या बियांचे तेल कडू असते. शंखदुर्गाच्या वेढ्यात माणसांनी ढालींचे चामडे उकळून खाल्ले, पण बुरुजावरच्या तेलाच्या रांजणाला कुणी बोट लावले नाही.

·

वेढ्याच्या कितीतरी वर्षे आधी घाडी पुजाऱ्यांनी ज्योतीच्या हक्कावरून तंटा काढला, तेव्हा किल्लेदारांनी निवाडा दिला : बुरुजावरच्या ज्योतीचा मान गुरवांचा. त्यांच्या घरी सुतक आले तर बुरूज अंधारात राहील, पण ज्योतीला दुसरा हात लागणार नाही. त्या वर्षी कुठेच लढाई नव्हती.

·

सिदोजी हवालदाराच्या दोन्ही मुलींना आज पोटभर भात मिळाला.

·

पहाट.

खाडीचे पाणी राखेच्या रंगाचे झाले, पलीकडच्या माडांच्या रांगा धुक्यातून हळूहळू पुढे आल्या, आणि ज्या तटावर रोज या वेळी चौकीदार एकमेकांना हाका घालीत, त्या तटावर, एकही हाक न उठता, परक्या टोप्या फिरताना दिसू लागल्या.

चोरदिंडी आतून उघडली गेली होती. ती सिदोजीने उघडली होती. किल्लेदार तलवारीला हात घालण्याआधीच पडले. फिरंगी कप्तानाने गडावरचे निशाण मात्र उतरवू दिले नाही. सुभेदार निंबाजीराव धान्य आणि दारूगोळा भरून आरमारासह आज ना उद्या येणार, हे त्याला सिदोजीकडूनच कळले होते. निशाण दिसावे, सांजेला ज्योत दिसावी, गलबतांनी निर्धास्त खाडीत शिरावे, आणि मग दोन्ही काठांच्या तोफांनी बोलावे, एवढाच त्याचा बेत होता.

दुपारी सिदोजी भानजी गुरवाच्या दारात उभा राहिला.

"भानजी, कप्तानसाहेबांचा हुकूम आहे. ज्योत रोजच्यासारखी लागली पाहिजे."

"रोज आपल्या माणसांसाठी लावतो, हवालदार. आज कुणासाठी लावू?"

"जिभेला आवर घाला. भात आहे त्यांच्याकडे. तुमचीही चूल पेटेल."

"वास आला सकाळी. पोरी जेवल्या?"

सिदोजीने खाली पाहिले. "जेवल्या."

"बरं झालं," भानजी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता; सिदोजीला तेच सोसले नाही.

"मग? काय सांगू साहेबांना?"

"स्नान करून येतो म्हणून सांगा. पारोशानं मी ज्योतीला शिवत नाही."

ओल्या पंच्याने तो बुरूज चढला. मागे दोन शिपाई, त्यांच्या मागे सिदोजी. सूर्य पाण्याला टेकत होता आणि दूर, क्षितिजाच्या रेषेवर, शिडे दिसत होती. भानजीने क्षणभर ती पाहिली. मग वात उचलण्यासाठी वाकल्यासारखे करून त्याने रांजणाला खांदा लावला. वर्षानुवर्षे झिजलेल्या दगडावरून रांजण घसरला, कठड्याच्या खिंडारातून खाली गेला आणि खडकावर फुटला. त्याच्या मागोमाग पितळी समई गेली.

"गुरवा, काय केलंस हे!" सिदोजी ओरडला.

"आता नाही येत ते," भानजी म्हणाला.

शिपायाची गोळी त्याला छातीत लागली. मरताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. शिपायांनी प्रेत त्याच खिंडारातून खाली लोटले.

कप्तान धावत वर आला. "लाकडे पेटवा!"

"उपयोग नाही, साहेब. लाकडाचा जाळ तांबडा दिसतो, दर्यावरून कुणीही ओळखेल," सिदोजी म्हणाला. "ज्योत नाही म्हटल्यावर ते मागे फिरतील."

कप्तानाने शिवी हासडली. तोफांवर चार माणसे ठेवून बाकीचे गोलंदाज जेवायला बसले.

·

"दादल, बुरूज काळा का?" निंबाजीरावांनी विचारले.

म्होरक्या गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दादल तांडेल उभा होता. ही खाडी त्याच्या जन्माची ओळखीची. त्याने डोक्याचे मुंडासे काढले.

"रवळोजी गेला, सुभेदार."

"कोण रवळोजी?"

"भानजी गुरवाचा बाप. आपण गडावरून धान्य आणायला निघालो त्या सकाळी त्याला घोंगडीवर खाली घेतला होता. तुळशीचं पान मी माझ्या हातानं तोंडात ठेवलं. सुतक आहे त्यांच्या घरी. सुतकात बुरूज असाच राहतो. निवाडाच आहे तसा."

"आणि गडच पडला असेल तर?"

"गड पडता तर फिरंग्यानं हौसेनं दिवा लावला असता, आपल्याला बोलवायला. अंधार आपल्याच माणसांचा आहे, महाराज."

निंबाजीराव चतुर होते, म्हणूनच त्यांना हे पटले. शिवाय गडावर उपाशी माणसे होती, आणि भरती आजची होती.

"ज्योतीवाचून खाडीत शिरशील?"

"डोळे मिटून शिरेन. उघडे ठेवले की खडक बघून माझीच छाती धडधडते."

खलाशी हसले. शिडे भरली. गलबते एकामागे एक त्या काळोख्या बुरुजाकडे वळली, आणि गडावर पहिल्या शिडाची चाहूल लागली तेव्हा फिरंगी गोलंदाजांचाही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. त्यांनी हातातली ताटे टाकली आणि ते तोफांकडे धावले.

·

सकाळी खाडीच्या काठाला तांदूळ वाहून आला होता. जळक्या फळ्यांमधून गडावरच्या बायका तो ओंजळींनी गोळा करीत होत्या. त्यांना कुणी अडवले नाही. निंबाजीराव आपल्या गलबताबरोबर बुडाले. सिदोजी मुलींना घेऊन खाडीपार गेला. पुढे त्याचे काय झाले, कुणाला माहीत नाही.

दादल जिवंत सापडला. त्याला दोरीने बांधून बुरुजाखालून नेले, तेव्हा तेलाने माखलेल्या खडकावर भानजीचे प्रेत अजून पडून होते. तो थांबला. शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने ढोसले तरी हलला नाही.

"बापामागोमाग हाही गेला?" त्याने विचारले.

बायका तांदूळ गोळा करीत राहिल्या.

आदल्या पहाटे, दिंडी उघडण्याच्या थोडे आधी, रवळोजी गुरव काठी टेकीत अंगणात आला होता आणि चामड्याच्या कढणात मीठ नाही म्हणून सुनेवर ओरडला होता.