अर्धा आटा ढिला

दिवाळी सरली तरी आभाळ मोकळं होईना. चार दिवस ऊन नाही, पाऊसही धड नाही. नुसती भुरभुर, आणि कोल्हारच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी केलेला राडा. आमच्या टायरच्या दुकानात मी आणि माझी सून दया, दोघीच. माझा लेक जेम्स जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून पोरगी मान खाली घालून पंक्चर काढायची आणि मी तिच्यावर ओरडायची. घरात तेवढाच काय तो आवाज.

त्या दिवशी एक जण सायकल खांद्यावर घेऊन आला. डोंगरात चालवायची जाड चाकांची सायकल, आणि मागचा टायर रिमवरून लोंबतोय.

"मावशी, ट्यूबलेस बसवायचाय. हातपंप मारून मारून दंड भरून आले... बसतच नाही."

"माणसानं सायकलीवर बसायचं का सायकलीनं माणसावर?" मी म्हणाले.

हसले बिचारे. ओळखलं मी. शाळेत नवीन आलेले, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारे सुनील सर. सुट्टी मिळाली की अकोले तालुक्यातल्या डोंगरात सायकल घालायचा नाद.

दयानं चाक मांडीवर घेतलं. रिमवरची जुनी टेप उकलली, रिम कोरडं पुसलं, नवी टेप ताणून लावली.

"इथं सुरकुती ऱ्हायली की हवा तिथूनच जाती," ती म्हणाली.

मी बघतच राहिले. तीन वर्षांत गिऱ्हाइकाशी ती एवढं बोलली नव्हती.

मग टायरात ते दुधासारखं पांढरं औषध ओतलं, कडांना साबणाचं पाणी लावलं आणि कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडली. टक्... टक्! दोन्ही कडा जागेवर बसल्या. सर दचकले. साबणाचा फेस उडून दयाच्या गालाला लागला.

"वहिनी, तुमच्या गालाला..."

"असू द्या. चाकाकडं बघा."

"चाकाकडंच बघतोय."

"मग गाल कसा दिसला?"

आणि दया हसली... माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

शेवटी वॉल्व्हमधली पिन बसवायची. हवा कोंडून धरते ती तीच. पिन पुरती आवळायची, हे मीच तिला शिकवलं होतं. पण तिनं अर्धा आटा ढिली ठेवली. मी बघितलं. आमच्या दुकानातून गळकं चाक कधी गेलेलं नाही. तरी मी गप्प बसले.

आठ दिवसांनी सर हजर. "हवा उतरते, वहिनी."

"डोंगरात काटे लई."

"काटा तर कुठं दिसत नाही."

"दिसला की सांगीन."

हवा भरली. पिन पुन्हा तशीच. तिसऱ्या खेपेला 'वहिनी' गळून 'अहो' आलं. चौथ्या खेपेला तेही गेलं. नुसते "हवा..." म्हणायचे आणि थांबायचे. ती पण थांबायची.

पाचव्या खेपेला आले नाहीत. शाळेच्या शिपायाकडून कळलं – उतारावर मागच्या चाकाची हवा गेली, टायर रिमवरून सुटला. खांदा मोडलाय, दवाखान्यात ठेवलंय.

दयाचं तोंड पांढरंफटक पडलं. "आत्याबाई, मी सांगून येते."

"काय सांगशील? त्यांना वाटू दे काटा लागला. खरं सांगितलंस तर दुकानाचं नाव जाईल."

"जाऊ द्या."

"माणूसबी जाईल, दये!"

"गेला तर खरं ऐकून जाईल."

ती भुरभुरीत डोक्यावर पदर घेऊन निघाली. मी शटर ओढलं आणि तिच्या मागं गेले.

तिला बघून सर खाटेवर उठून बसले, हसले. "हवा..."

"पिन मी ढिली ठेवत हुते," दया म्हणाली. "दर खेपेला. तुमी परत यावं म्हणून."

त्यांचं हसू गेलं.

"शेजारी दरी होती, दया."

पहिल्यांदा तिचं नाव घेतलं, ते असं.

मी पुढं झाले. "मी बघितलं हुतं, सर. मलाबी आवळता आली असती. माझं चुकलं." हे मी माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं.

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "जा तुम्ही."

पुढचे तीन आठवडे दया एकेक पिन दोनदोनदा आवळून बघायची. जेवताना ताटात बोट फिरवत बसायची. नाताळ आला तरी दारात चांदणी लावायची दोघींनाही इच्छा झाली नाही.

नाताळानंतर सर आले. चालत, हात गळ्यात बांधलेला.

"सायकल?" मी विचारलं.

"घरी आहे. तिला काही झालेलं नाही."

"मग काय काम काढलं?"

"काही नाही." ते दयाकडं वळले. "फार राग आला होता. अजून आहे... थोडा."

"ऱ्हाऊ द्या. हक्काचा हाय."

"एवढा उद्योग करण्यापेक्षा सरळ 'या' म्हणायचं होतंस."

"विधवेनं?"

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तो पार पुलापलीकडं जाईपर्यंत सर थांबले.

"आता म्हण. कायमचं ये, असं म्हण."

दयाचे ओठ हलले... पण ती माझ्याकडं बघायला लागली. "आत्याबाई एकट्या पडतील."

"मला काय धाड भरली?" मी खेकसले. "तुझा तो फुळकवणी चहा पिऊन पिऊन जीव विटला माझा. उद्याच पास्टरसाहेबांना भेटते. जा, सुटेन मी एकदाची."

ती रडायला लागली. रडत रडतच त्यांना म्हणाली, "या."

मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. चहा ती फार चांगला करते.