खंडेनवमीची तोफ

झेंडूचं फूल खाली पडलं होतं. एवढंच. पण शेड बंद, वारा नाही, आणि सकाळी मीच ते तोफेच्या आडव्या नळीवर नीट ठेवलं होतं.

ही परवाच्या खंडेनवमीची संध्याकाळ. हसाल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, पण घडलंय.

कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी जुनी हत्यारं साफ करते. ही विमानं पाडायची तोफ चेक बनावटीची, दोन महायुद्धांच्या मधली. तिला हातानं फिरवायची दोन चाकं, दोन माणसांसाठी. एकानं नळी वर जाते, दुसऱ्यानं तोफ फिरते. वर नेणारं चाक गंजून जाम. रघुवीरकाका रोज त्याच्याशी झटतात आणि दुसऱ्या चाकासाठी मला हाक मारतात, "धर गं!"

सकाळी फोनवर आई म्हणाली होती, "हळदकुंकू वाहा हो तिला. आणि मग आज हात लावायचा नाही." पण दुसऱ्या दिवशी ओपन डे, लोक तोफ बघायला येणार. मी कुंकू लावलं, आणि लगेच चाकात तेलही सोडलं.

"फुलाला घाबरलीस? धन्य आहेस!" संध्याकाळी काका हसले. काका रिटायर्ड फिटर, इथले व्हॉलंटियर, मला रोज घरी सोडतात. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. "गाडीपाशी थांब. मी दिवे बंद करून आलोच."

शेडमधले दिवे बंद झाले. काका आले नाहीत.

मग आतून... कुर्र... थांबलं. पुन्हा कुर्र...

चाक.

"काका?"

आत जायला हवं होतं. मी बाहेरूनच काकांना फोन लावला. शेडमध्ये रिंग वाजत होती, बाहेरपर्यंत ऐकू येत होती. कुणी उचलेना. छातीत कळ येऊन पडले असतील तर? पुन्हा लावला. खिडकीच्या काचेतून नळी दिसली.

वर चढलेली. थेट छपराकडे.

"कुणाला फोन करतेयस गं?"

मी किंचाळलेच. मागे काका, हातात किल्ल्या.

"काका! तुम्ही... आत नव्हता?"

"मागच्या दारानं कधीचाच निघालो. पलीकडच्या शेडला कुलूप लावत होतो. माझा फोन आत राहिला बघ, तोफेच्या सीटवर."

"मग चाक कोण..."

"कुठलं चाक?"

माझ्या कानाशी रिंग वाजतच होती.

थांबली.

स्क्रीनवर सेकंद पळायला लागले. कुणाचा तरी श्वास. मग एक तरुण, दमलेला आवाज. भाषा मला न कळणारी. एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

सूर मात्र ओळखीचा होता. काका रोज म्हणतात ना, "धर गं"... अगदी तोच.