बिनदरवाजाची गाडी

मला राग लवकर येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे, फिटर. तिथले सुपरवायझरसुद्धा माझ्याशी बोलताना दोन पावलं लांब उभे राहतात. तेव्हा त्या दिवशी पेणच्या गल्लीत एक माणूस मधोमध हात आडवा करून उभा राहिला आणि माझी स्कूटी अडवली, तर मी हॉर्नवर अंगठा दाबून धरणारच ना!

आत्याकडे कडव्या वालाची पिशवी पोचवायला निघाले होते. डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. समोरून दोघं जण एक गणपती हातगाडीवरून रस्त्यापलीकडे नेत होते, मुंगीच्या पावलांनी.

"हॉर्न नका वाजवू!" तो हात आडवा केलेला ओरडला. केसांत पांढरी धूळ, शर्टावर सात रंग.

"का? रस्ता तुमच्या बापाचा हाय?"

"नाय. पण मूर्ती ओली हाय. आवाजानं रंग उतरतो."

"हॉर्ननं रंग उतरतो?"

"नाय उतरत," तो शांतपणे म्हणाला. "पण तुमी थांबलात ना…"

अस्सा संताप आला म्हणून सांगू! तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच ती मूर्ती माझ्या समोरून गेली. गालावरचा रंग कुठे सुरू झाला नि कुठे संपला, काही कळत नव्हतं. ब्रशची एक रेघ नाही. मी ओरडायचं विसरले.

"हे… कोणी रंगवलं?"

"मी."

"प्लास्टिकवर मारता येईल असा रंग?"

झालं. तिथून सगळं सुरू झालं.

त्याचं काय आहे, मी गाड्या बनवते. वीतभर लांबीच्या. किटमध्ये शे-सव्वाशे सुटे तुकडे येतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे. मागच्या वर्षी पहिली गाडी पनवेलच्या प्रदर्शनात मांडली. एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "छान आहे. भावानं केली का?" मी म्हटलं, माझी आहे. तर हसले. "मदत तरी केली असेलच की." आणि प्रमाणपत्रावर नाव छापून आलं माझ्या भावाचं, हितेशचं, कारण फॉर्म त्याच्या मोबाइलवरून भरला होता! ते प्रमाणपत्र आईनं हौसेनं भिंतीला लावलं. मी रोज ते उलटं करते, ती रोज सुलटं करते.

म्हणून या वर्षी मी अमेरिकेतल्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या मसल कारचं किट घेतलं. सत्तर सालातली. लांबलचक बॉनेट आणि आत आठ सिलिंडरचं धूड. या गाडीत बघायचं ते इंजिनच. कंपनीतल्या जळक्या मोटरची केसासारखी तांब्याची तार काढून मी प्रत्येक प्लगला वायर जोडली, आठच्या आठ. टाचण्यांची बिजागरी करून बॉनेट उघडझाप होईल असं बसवलं. ते उघडलं की आत माझे चार महिने दिसणार होते. कोणाची छाती झाली नसती भावाचं नाव घ्यायची. नडला तो फक्त बाहेरचा रंग. माझ्याकडे रंग फवारायचा कंप्रेसर नाही, आणि ब्रशनं मारला की झाडूनं सारवल्यासारखा दिसतो.

पुढच्या रविवारी इंजिन घरी ठेवून नुसती बॉडी डब्यात घालून मी त्याच्या कारखान्यात गेले. पेणला मूर्ती करतात त्या जागेला कारखानाच म्हणतात.

"लाल पाहिजे. आणि गुळगुळीत. हाताला कुठे खडबड लागली तर बघा!"

"एक सांधा दिसला तर नाव बदलीन."

"काय नाव?"

"हिरामण."

"ते तसंही बदलायला पाहिजे. पोपटाचं वाटतं."

"आजोबांचं ठेवलंय," तो म्हणाला. "तुमचं काय? मिरची?"

"समीक्षा," मी म्हटलं आणि निघून आले. वाटेत नागोठण्यापर्यंत मला हसू येत होतं. कशाचं, ते विचारू नका.

प्रदर्शनाला अकरा दिवस उरले तेव्हा त्याचा फोन आला, गाडी तयार. त्यानं मऊ फडक्यात गुंडाळलेली बॉडी माझ्या हातात दिली, एखाद्या तान्ह्या बाळासारखी. फडकं उलगडलं. काय लाल होता तो! डाळिंब फोडल्यासारखा. मी अंगठा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. परत फिरवला. अंगठा कुठे अडेचना.

"दरवाजे कुठेत?" मी विचारलं.

"कुठले दरवाजे?"

"गाडीचे दरवाजे! दोन्ही बाजूंना रेघा होत्या!"

"त्या चिरा?" त्याचा चेहरा फुलला. "चिक्कार होत्या हो! बॉनेटच्या भोवती तर ही फट. लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, पुन्हा भरली. पंधरा दिवस हेच करत होतो. बघा, एक तरी सांधा दिसतोय का?"

एवढ्या अभिमानानं म्हणाला हो तो! आणि मला कळलं काय झालंय ते. मूर्ती साच्यातून तुकड्यांनी निघते, सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून एकजीव करावी लागते. चीर गेलेली मूर्ती कोणी घरी नेत नाही. लहानपणापासून या माणसाच्या हाताला एकच वळण, फट दिसली की बुजव. त्यानं माझ्या गाडीचे दरवाजे बुजवले होते. डिकी बुजवली होती. आणि बॉनेट बिजागरीसकट कायमचं बंद करून टाकलं होतं.

मी जी ओरडले, जी ओरडले… कारखान्यातले सगळे ब्रश थांबले. कोपऱ्यात मुकुट रंगवणाऱ्या म्हाताऱ्या गोदूबाई म्हणाल्या, "अगो हळू गो, देवांना कान मोठे हायत."

"तुमी सांगितलंत का?" आता तोही चिडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गुळगुळीत म्हणालात. खडबड नको म्हणालात!"

"गाडीला दरवाजे असतात हे सांगायला लागतं?"

"मूर्तीला नसतात!"

"अक्कल तरी असते का कारागिराला?"

हे लागलं त्याला. मी गाडी डब्यात कोंबली आणि तरातरा बाहेर आले. किल्ली लावता येईना, कारण समोरचं दिसतच नव्हतं. मला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

तो मागून आला. रुमाल पुढे केला, त्यावर निळा रंग होता, म्हणून परत खिशात घातला.

"उघडून देतो," तो म्हणाला.

"कसं?"

"बुजवता येतं तर उघडताही येईल. आजवर कधी उघडलं नाय, एवढंच…"

"मी समोर बसणार. मी सांगितल्याशिवाय एक रेघ मारायची नाय."

"बसा. पण ओरडायचं नाय."

"ओरडणार!"

"बरं, ओरडा," तो म्हणाला.

मग रोज पहिली शिफ्ट सुटली की एसटीनं पेण. बॉडी मी धरायची, किटच्या चित्रावरून पट्टी लावून रेघेची जागा दाखवायची, आणि त्यानं सुईनं कोरायचं. मूर्तीचे डोळे आखणारा हात तो. एका श्वासात खिडकीपासून खालपर्यंत सरळ उतरायचा. मी चुका काढायला टपून बसलेली, आणि चूक सापडायची नाही. याचाही राग यायचा.

"श्वास का धरता?" मी एकदा विचारलं.

"डोळे आखताना धरतो. सवय."

"हे डोळे नायत. दरवाजे हायत."

"आता कळतो मला फरक." त्यानं मान वर केली नाही. "तुमी पण धरलाय श्वास…"

मी सोडला. इतक्या जवळ बसलं की रंगाच्या वासाखाली माणसाचा वास येतो, साबणाचा, घामाचा. मी पट्टी उगाच दोनदा सरळ केली.

सहाव्या दिवशी बॉनेट. कड मोकळी झाली, पण बिजागरी लांबीत घट्ट रुतलेली. त्यानं जोर लावला.

"थांब! तुटेल रे!" मी ओरडले, आणि मग लक्षात आलं की मी त्याला अरे-तुरे केलं. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. मी सुई त्याच्या हातातून घेतली. कंपनीत जाम झालेले नट सोडवते मी, जोर कुठे लावायचा नाही ते मला कळतं. कण कण लांबी उकरत तासभर गेला. कट्… असा बारीक आवाज झाला आणि बॉनेट उघडलं.

मी पिशवीतून इंजिन काढलं आणि बॉडी त्यावर बसवली. तो वाकला. एका बोटानं, न लावता, तारा मोजल्या. आठ.

"हे… हे झाकलं होतं मी?" तो म्हणाला. "समीक्षा, तू मला मारायला पाहिजे होतंस."

त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. आणि राग आला नाही याचाच घरी येईपर्यंत इतका राग आला, की आईनं विचारलं, कंपनीत भांडलीस का गो?

रंगाचे दोन हात पुन्हा मारून, या वेळी रेघा सांभाळून, गाडी वेळेत उभी राहिली. पनवेलला तो सोबत आला. म्हणाला, डबा कोणीतरी सांभाळून धरायला नको का?

हॉलमध्ये परीक्षक आले. चष्मेवाले, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी बॉनेट उघडलं, खिशातून भिंग काढलं आणि वाकून राहिले. मग ते उठले, आणि माझ्या खांद्यावरून मागे हिरामणकडे बघत म्हणाले, "वायरिंग अप्रतिम. किती दिवस लागले तुम्हाला?"

माझ्या कानशिलात जाळ झाला. परत तेच! मी तोंड उघडलं…

"मला ना साहेब? पंधरा दिवस," हिरामण म्हणाला. "हिच्या गाडीचे दरवाजे बुजवायला."

"म्हणजे?"

"मी पेणचा. मूर्त्या रंगवतो. गाडीतलं मला ओ का ठो कळत नाय. हिनं रंगवायला दिली, तर मला दरवाजे म्हणजे चिरा वाटल्या. सगळ्या भरून टाकल्या, बॉनेटसकट."

आजूबाजूचे हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "पेणचा कारागीर, आणि…!" त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. पण तो थांबला नाही. सगळं सांगितलं, मी ओरडले तेसुद्धा. "रंग माझा. बाकी सगळं हिचं. ती तार कुठली, ते हिलाच विचारा. मलाही नाय माहीत."

परीक्षक माझ्याकडे वळले. "कुठली तार हो ही?"

जिनं बनवलीय तिलाच उत्तर येईल असा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारला. मी बोलत सुटले. तार, बिजागरी, कुठली वायर कुठल्या प्लगला आणि का… ते वहीत लिहून घेत होते. तिसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर माझं नाव, आडनावासकट.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि मग भडकले.

"चारचौघांत स्वतःची फजिती सांगायची काय गरज होती? उद्या पेणभर होईल!"

"तू ओरडणार होतीस."

"मग? ओरडले असते!"

"त्यांनी मग तुझा आवाज ऐकला असता. इंजिन राहिलं असतं बाजूला. आणि… तुझा राग माझ्यावर असलेला बरा वाटतो मला. दुसऱ्यांवर कशाला वाया घालवतेस?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काहीच बघण्यासारखं नव्हतं.

"तिकीट, तिकीट… कुठं?" कंडक्टर येऊन उभा राहिला.

"एक पेण, एक रो…" हिरामणनं खिशात हात घातला.

"दोन रोहा," मी म्हटलं.

"मला पेणला उतरायचंय."

"माहीत हाय मला. आज नाय उतरायचं. घरी आई-बाबा दोघंही हायत. त्यांना एक सांगायचंय, आणि बाबा ओरडतील. माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतात ते. तेव्हा तू शेजारी पाहिजेस."

"काय सांगायचंय?"

"की मला हा माणूस पाहिजे!" मी ओरडलेच. पुढच्या दोन सीटवरच्या माना वळल्या. "प्रेम हाय माझं! काय बघताय?"

कंडक्टरनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "ताई, एक फुल, एक लेडीज हाफ ना?"

"व्हय," हिरामण म्हणाला. पैसे त्यानंच काढून दिले.

पेण आलं. गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबली. तो जागचा हलला नाही.