आप्पांचा डावा पाय

फोन आला तेव्हा विजयश्री चाकणच्या कारखान्यात होती. तेल गळू नये म्हणून यंत्रांत बसवायची रबरी सील बनवणाऱ्या त्या कंपनीत मालाची तपासणी तिच्याकडे असे. फोन सासऱ्यांचा होता, आणि आप्पा ड्युटीच्या वेळी कधी फोन करत नसत.

"विजू, गाडी उडाली बघ आपोआप." आवाज ओळखू येत नव्हता. "पुतळाबाईला लागलं. मला काय कळंना झालंय. तू ये."

ती मोशीला पोहोचली तेव्हा सोसायटीच्या फाटकासमोर मेथीच्या जुड्या विखुरल्या होत्या. गाडी भाजीच्या पाटीवर चढून बंद पडली होती. फाटकाशी भाजी विकणाऱ्या पुतळाबाईंना भोसरीच्या दवाखान्यात नेलं होतं. पोलीस आप्पांना त्यांचं वय विचारत होते.

आप्पा म्हणजे ज्योतीराम. धाराशिवकडून आलेले. उभा जन्म कंपन्यांच्या बसगाड्या चालवण्यात गेला, पण त्यांच्या हातून कुणाला ओरखडाही उठला नव्हता. त्यांचं सांगणं एवढंच होतं: ट्रॅफिकमधून येऊन गाडी थांबवली, इंजिन चालूच होतं, क्लचवरून पाय काढला, गाडी जागची हलली नाही. म्हणून ती न्यूट्रलला आहे असं समजून ते भाजी घ्यायला उतरू लागले, आणि गाडीनं उडी मारली.

"पाय काढला, पण पेडल खालीच चिकटून राहिलं असणार," ते म्हणाले. "मागून वर आलं."

पोलिसांनी ते लिहून घेतलं. चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही.

गाडी वॉरंटीत होती. चिंचवडच्या सर्व्हिस सेंटरनं ती ओढून नेली आणि दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. तिथला सल्लागार गणराज कळंबचा, म्हणजे धाराशिवकडचाच. आप्पांना तो काका म्हणे, दर वेळी आठवणीनं चहा मागवी.

"ताई, सकाळी चालवून बघितली. क्लच एकदम ओके आहे," तो म्हणाला. "थोडी झीज आहे, पण ती वॉरंटीत बसत नाही. काका, राग मानू नका. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असते बऱ्याच जणांना. वयानं पाय कधी उचलला, कधी नाही, ते कळत नाही."

आप्पा चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असंल बाबा."

विजयश्रीला तो शब्द लागला. तिचा नवरा ज्ञानेश कामासाठी तमिळनाडूत होता. त्यानंही फोनवर तेच म्हटलं, "आप्पांच्या हातात आता गाडी देऊ नकोस." आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं.

त्या दिवसापासून ते घरात डावा पाय जपून टाकू लागले. पायाला काही झालेलं नव्हतं.

विजयश्रीनं गाडी स्वतः चालवून पाहिली. सकाळी सुरळीत. मोशीतल्या मोशीत सुरळीत. पण चाकणच्या तळेगाव चौकात ती ट्रकांच्या गर्दीत अडकली, गाडी तापली, आणि घरी वळताना क्लचचं पेडल तळाशीच राहिलं. पायाच्या बोटांनी उचलावं लागलं.

ती तशीच सर्व्हिस सेंटरला गेली. रांगेत नंबर येईपर्यंत गाडी निवली. गणराजनं पेडल दाबून दाखवलं. ते निमूट वर आलं.

"बघा ताई," तो म्हणाला.

डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तिला कुणाला दाखवता येत नव्हती.

रविवारी ती पुतळाबाईंना भेटायला गेली. मोशी गावठाणात जुनं घर, पाय प्लास्टरमध्ये, उशाशी पाण्याचा तांब्या.

"तुम्ही काय नेमकं बघितलंत?" विजयश्रीनं विचारलं.

"म्या मेथी निवडत व्हते. गाडी हुबी ऱ्हायली. म्हातारा दार उघडून उतरत व्हता."

"उतरत होते, की उतरायच्या बेतात होते?"

"एक पाय भुईवर व्हता त्याचा, दुसरा दाराशी आल्याला. चप्पल दिसली मला. मंग गाडी अंगावर आली."

"गाडी थांबल्याबरोबर आली?"

"न्हाई बाई. हुबी व्हती की. म्या त्याला 'आज मेथी चांगली हाय' असं म्हनले, त्यो हसला, मंग आली."

विजयश्रीनं मनाशी जुळवून पाहिलं. चालकाचं दार उजवीकडे. भुईवर होता तो उजवा पाय, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता; डावा दाराशी, म्हणजे क्लचवरही नव्हता. गियरमधल्या गाडीचा क्लच सोडला की ती तेव्हाच हिसका देते. ही मात्र मेथीचं बोलणं होईपर्यंत उभी होती.

घरी येऊन तिनं बॉनेट उघडलं. चाकणच्या रस्त्यांची धूळ सगळ्यावर बसलेली. क्लच आणि ब्रेक, दोन्हींचं तेल ज्या एका छोट्या टाकीतून जातं, ती टाकीही धुळीनं मळलेली. तिचं झाकण मात्र लख्ख होतं.

"आप्पा, ही टाकी तुम्ही कधी उघडली होती?"

"नाही बा. वॉरंटीच्या गाडीला बाहेर हात लावायचा नाही म्हणून ज्ञानेशनं सांगितलंय."

"मग बॉनेट कुणी कुणी उघडलं?"

"गणराजच्या माणसांनी. दिवाळीआधी सर्व्हिस झाली तवा, आणि आता ॲक्सिडंटनंतर."

"सर्व्हिसनंतर गाडीत काही फरक वाटला होता?"

आप्पा अडखळले. "जड चालायली होती. कुणी मागून धरल्यासारखी. चाकंबी तापायची. मला वाटलं, माझंच काही चुकायलंय."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? आधीच सगळे वय काढायलेत."

सोमवारी तिनं रजा टाकली. सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजर निशिगंधा यांच्या केबिनमध्ये ती बसली, शेजारी आप्पा. गणराजला बोलावून घेतलं. विजयश्रीनं टेबलावरच्या दोन ग्लासांत पाणी ओतलं.

"मॅडम, तुमच्या स्टोअरमधलं नवीन ब्रेक ऑइल मागवा."

ते आलं. तिनं त्याचे थेंब पहिल्या ग्लासात सोडून ढवळले. पाण्यात विरघळून गेले. मग आपल्या गाडीच्या टाकीतून सगळ्यांदेखत काढलेलं तेल दुसऱ्या ग्लासात सोडलं. ढवळलं, तरी वर तवंग धरून राहिलं.

"ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे मिसळत नाही, कारण यात दुसरं तेल आहे. इंजिनचं किंवा स्टिअरिंगचं. मी रबरी सील तपासते. अशा तेलात क्लच-ब्रेकमधली सीलं फुगतात. थंड असताना कशीबशी सरकतात, तापली की अडकतात. म्हणून पेडल ट्रॅफिकनंतर चिकटतं आणि तुमच्याकडे सकाळी बरोबर चालतं. ब्रेकही याच टाकीवर, म्हणून ते सुटत नाहीत, गाडी जड चालते, चाकं तापतात."

"बाहेर कुणी टाकलं असेल," गणराज म्हणाला.

"झाकण कुणी बदललं?"

त्यानं निशिगंधांकडे पाहिलं.

"सगळ्या टाकीवर धूळ आहे आणि झाकण नवं आहे. जुन्या झाकणाचं रबर फुगून ते बसेनासं झालं असणार. बाहेरच्यानं चुकीचं तेल टाकलं असतं, तर ते फुगलेलं झाकण तुम्ही मला दाखवलं असतं आणि वॉरंटी तिथल्या तिथे नाकारली असती. तुम्ही ते गुपचूप बदललंत. म्हणजे तेल इथेच पडलं, आणि ते तुम्हाला कळलं होतं."

निशिगंधांनी त्याच्याकडे पाहिलं. "गणराज?"

"गर्दी होती मॅडम," तो हळू म्हणाला. "ब्रेक ऑइल संपलं होतं. अर्धा कॅन पडलेला, त्यावर चिठ्ठी नव्हती. मीच टाका म्हणालो. ॲक्सिडंटनंतर झाकण फुगलेलं बघितलं आणि बदलून टाकलं."

"मग आप्पांच्या पायावर का ढकललंत?" विजयश्रीनं विचारलं.

"मी फक्त म्हणून बघितलं, ताई. काका लगेच हो म्हणाले."

मग निशिगंधांनी विचारलं, "त्या कॅनमधलं तेल आणखी किती गाड्यांत गेलं?"

"नक्की सांगता येणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. क्लचपुरतं हे उरलं नव्हतं, त्या गाड्यांचे ब्रेकही तसेच होते. त्यांनी तिथूनच दिवाळीआधी सर्व्हिस झालेल्या एकेका ग्राहकाला फोन लावायला सुरुवात केली. काहींनी उचलले, काहींनी नाही. एकानं सांगितलं, तो सहकुटुंब महाबळेश्वरच्या घाटात आहे. निशिगंधा उभ्या राहिल्या आणि त्याला गाडी आहे तिथे थांबवायला सांगू लागल्या.

क्लच-ब्रेकची सगळी सीलं, सिलेंडर आणि पाइप वॉरंटीत बदलून मिळाले. कारणाच्या जागी 'चालकाची सवय' खोडून खरं कारण लिहून घेतल्याशिवाय विजयश्री हलली नाही. तो कागद पोलिसांकडे गेला. गणराजला कामावरून काढलं. जाताना तो आप्पांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा आप्पांनी पाय मागे घेतले.

पुतळाबाईंना आप्पा स्वतः सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मंग तुमचा दोष न्हाई म्हना की."

"हँडब्रेक ओढायला पाहिजे होता मी," आप्पा म्हणाले. "तेवढं माझंच."

गाडी आणायला दोघं चिंचवडला गेली. विजयश्रीनं चालकाचं दार उघडून धरलं. "बसा आप्पा. आता काही होत नाही."

ते बसले. डाव्या पायानं क्लच दाबला, सोडला. पेडल वर आलं. पुन्हा दाबला, पुन्हा आलं. ते बराच वेळ तसंच करत राहिले, आणि प्रत्येक वेळी वाकून पेडल खरंच वर आलंय का ते बघत राहिले. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

आप्पा उतरले, गाडीला वळसा घालून गेले आणि शेजारच्या सीटवर बसून त्यांनी पट्टा लावला.

"तू चालव," ते म्हणाले.