गाफाला वळसा

हसायचं असेल तर इथूनच मागे फिरा. मी श्रीवर्धनची जहांआरा, चौथी पास. खोटं रचायला डोकं लागतं, तेवढं मला शाळेने दिलं नाही. घडलं तेच लिहितेय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. गेल्या जूनमधली. शारजापासून तासाभरावर, वाळवंटातल्या एका महालातली.

माझा मुझम्मिल बागा बांधणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. त्या महालाच्या अरबाबाला, म्हणजे मालकाला, फ्रान्सच्या जुन्या राजांसारखं सगळं हवं होतं. सोनेरी फाटक, आरशांचं दालन. आणि बागेत पांढऱ्या खडीची एकच रुंद वाट, मालकाच्या खिडकीखालून निघून थेट फाटकापर्यंत. दोन्ही बाजूंना कातरलेली झुडपं, शिपायांसारखी.

"एवढी सरळ कशाला रे?"

"अम्मी, राजे असंच करायचे. खिडकीत उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर सगळं रेघेत. झाडसुद्धा हुकमाशिवाय वाढत नाही, हे पाहुण्याला दिसलं पाहिजे."

"मग झाडं लावलीच कशाला? खांब पुरायचे."

त्या रेघेत गाफचं झाड आलं. वाळूत बिनपाण्याचं जगलेलं, माझ्या आजोबांच्या वयाचं. कंपनीने पर्मिट काढलं, मुळांसकट उचलून कुंपणाकडे लावलं. मुझम्मिलनेच उभं राहून काढलं.

महिन्यात वाळलं.

आमच्या वाडीत म्हातारी पोफळ काढायची तर बाबा आधी तिला हात लावून सलाम करायचे. मग ती जागा वर्षभर मोकळी. तिथे रोप नाही, वाट नाही. मी हे सांगितलं, एकदा नाही, दहादा.

"अम्मी, हँडओव्हर जवळ आलाय. ही वाडी नाही."

बरं बाबा. तू शिकलेला.

हँडओव्हरच्या, म्हणजे बाग मालकाच्या ताब्यात द्यायच्या आठवड्यात त्याचं जेवण सुटलं. माणसं रोज सकाळी खडी दाताळ्याने सारखी करत. दुपारपर्यंत तिच्यात पायवाट उमटे...

सरळ यायची. मधेच अर्धगोल वळायची. पुन्हा सरळ.

वर खिडकीतून साफ दिसायचं. तिथून काढलेला फोटो पाहून अरबाब फोनवर ओरडला, "माझ्या रेघेत वाकडं कोण चालतं? गुरुवारी येतो. तेव्हाही असंच असेल तर सही नाही."

सही नाही तर मुझम्मिलची नोकरी नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही. माझ्या नातीची, नबिलाची शाळा, आमचं इथलं घर, सगळं खलास.

गुरुवारी मी डबा घेऊन गेले. "गाडीतच बस," म्हणाला. मी कशाला बसते!

दुपारची सुट्टी होती. उन्हात काम करायला बंदी. कामगारांसाठी पंख्याची शेड होती, पण शेडमध्ये कोणी नव्हतं.

सगळे वाटेच्या मधोमध बसून जेवत होते. गोल करून. डोक्यावर नुसतं आभाळ...

"अरे, इथे रे कशाला?"

"अम्माजी, यहाँ छाँव है," फोरमन रुहान म्हणाला. सहज. जणू मीच आंधळी.

मी चप्पल काढून पाय टेकवला.

खडी गार होती.

वारा नव्हता. पाखरू नव्हतं. तरी पानं सळसळली... माझ्या डोक्यावर.

एवढ्यात अरबाबाची गाडी आली. माणसं पांगली. तो वरून बघून आला, लालबुंद.

"सरळ चालता येत नाही तुम्हाला? मी दाखवतो!"

निघाला. छाती काढून, राजासारखा. मुझम्मिल ओठ चावत उभा.

त्या जागेपाशी आला...

आणि वळला. खांदा आत घेऊन, अंगातला पायघोळ कंदुरा आवरून. खोडाला कपडा घासू नये म्हणून माणूस वळतो ना, तसा. पुढे पुन्हा सरळ.

फाटकापाशी थांबून त्याने मागे पाहिलं. स्वतःचीच पावलं पाहिली.



मग त्याने हात पुढे केला, कागद मागितला, सही केली. परतताना वाटेवर पाय ठेवला नाही. झुडपांच्या मागून गेला. रुहान सांगतो, त्या खिडकीचे पडदे अजून बंद आहेत.

"उन्हाने होतं असं, अम्मी," मुझम्मिल गाडीत म्हणाला.

"उन्हाने माणूस पडतो रे, वळत नाही!"

पण भिंतीशी बोलावं आणि याच्याशी बोलावं, सारखंच.

त्याच संध्याकाळी तो घरी आला. दारातून किचनकडे निघाला. आमचा हॉल केवढा, चार ढांगांचा. मधे काही नाही.

तरी तो मधोमध येऊन वळला. खांदा आत घेऊन.

"का वळलास?"

"कुठे वळलो? काहीही असतं हां अम्मी तुझं!"

मी उठून तिथली लादी चाचपली. तेवढीच जागा गार...

तेव्हापासून मी ती जागा मोकळी ठेवलीय. सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत काढला. रोज सलाम करते. बाबांच्या रीतीने वर्ष भरायला अजून बरेच महिने आहेत. वर्षाने तरी जाईल का, ते सांगायला बाबा नाहीत.

नबिला म्हणते, "दादी, यू आर सो ड्रामॅटिक." शेजारची मंजुषा तोंडाला पदर लावून हसते.

हसोत.

पण आल्या की दोघी त्या जागेला वळसा घालूनच आत येतात.